कोकण रेल्वेचं तिकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की गावच्या मंडळींचे फोन सुरू होतात, ते थेट गणपती विसर्जनापर्यंत थांबत नाहीत. कोणाला कुडाळ हवं असतं, कोणाला चिपळूण, पण प्रश्न दरवर्षी तेच. ते विचारले जातात तसेच खाली ठेवले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम मध्येच बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी ॲपवरची सूचना एकदा वाचाच.

१. गणपतीचं तिकीट नेमकं कोणत्या दिवशी उघडतं?

प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती निम्मी झाली. प्रवासाचा दिवस मोजणीत धरत नाहीत. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी १२ तारखेला निघणार असाल तर १४ जुलैला सकाळी आठच्या आत तयार बसायचं.

मोजणी होते ती गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून, तुम्ही जिथे चढता तिथल्या तारखेपासून नाही. परतीच्या प्रवासात हे कामाला येतं. नेत्रावती एक्स्प्रेस तिरुवनंतपुरमहून सकाळी सुटते आणि रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी येते. रत्नागिरीहून २० तारखेची नेत्रावती हवी असेल तर ६० दिवस १९ तारखेपासून मोजायचे, म्हणजे आरक्षण एक दिवस आधीच उघडलेलं असतं. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण दुसऱ्या दिवशी बसतात आणि वेटिंग बघतात.

२. शुक्रवारी रात्रीच्या तुतारीचं तिकीट काढायचंय. तारीख शुक्रवारचीच टाकायची ना?

नाही. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. आपल्या बोलण्यात ती शुक्रवारची रात्र, रेल्वेच्या हिशेबात शनिवारची पहाट. शुक्रवारची तारीख टाकली तर गुरुवारी रात्री जेवून घराबाहेर पडायला हवं. दरवर्षी कोणी ना कोणी चोवीस तास उशिरा, सगळ्या बॅगा आणि मोदकांच्या साच्यासकट फलाटावर उभं असतं. टीसीकडे त्यावर इलाज नसतो, कारण त्याच्या चार्टप्रमाणे (प्रवाशांच्या अंतिम यादीप्रमाणे) ती माणसं काल आलीच नाहीत.

कोकणकन्येचं त्याहून नाजूक आहे. ती सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते आणि पनवेलला पोचेपर्यंत तारीख बदलते. एकाच गाडीचं तिकीट दादरहून काढलं तर १२ तारखेचं आणि पनवेलहून काढलं तर १३ तारखेचं. तेव्हा पनवेलकरांनी शोधताना पुढची तारीख टाकायची, पण आरक्षण उघडण्याचा दिवस मात्र आदल्या तारखेवरून मोजायचा (प्रश्न १).

३. आठ वाजून एक मिनिटाने वेटिंग कसं काय लागतं? कोणीतरी आधीच तिकिटं खातं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा, आणि रागाने विचारला जाणारा प्रश्न. आधी आकडे बघू. स्लीपरच्या एलएचबी (नव्या धाटणीच्या) डब्यात ८० बर्थ. समजा गाडीला असे आठ डबे आहेत, तर झाले ६४०. त्यातून तत्काळ, ज्येष्ठ, महिला आणि मधल्या स्टेशनांचे कोटे वजा करा. उरलेले समजा ४०० धरले आणि एका तिकिटावर सरासरी चार माणसं धरली, तर विकायला निघाली फक्त १०० तिकिटं. आरक्षण यंत्रणा देशभरात मिनिटाला सुमारे ३२,००० तिकिटं काढू शकते असं रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे सेकंदाला पाचशेच्या वर. मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार आणि पुण्यातून हजारो अंगठे एकाच गाडीवर पडले की १०० तिकिटं संपायला मिनिट तरी कशाला लागेल?

आता दुसरी बाजू. गैरप्रकार होत नाहीत असं मुळीच नाही. झटपट फॉर्म भरणारी सॉफ्टवेअरं वापरली जातात, खोटी खाती उघडली जातात. २०२५ मध्ये रेल्वेने सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचं जाहीर केलं. आधारची अट त्याच मोहिमेतून आली (प्रश्न ४). पण उद्या एकही दलाल उरला नाही, तरी गणपतीच्या आदल्या शनिवारची कोकणकन्या काही मिनिटांत भरणारच. यंत्रणा जितकी वेगवान होईल तितकी ती लवकर भरेल, हे कोणी सांगत नाही.

४. मग त्या दिवशी आधीपासून काय तयारी ठेवायची?

पहिलं, आयआरसीटीसीचं (रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांचं) खातं आधारशी जोडून त्याची पडताळणी करून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावरची पहिली १५ मिनिटं फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यांना मिळू लागली आणि पुढे ती मुदत वाढवत नेली. पडताळणी नसेल तर आठ वाजता तुम्ही नुसते बघे. शिवाय आधार जोडलेल्या खात्यावर महिन्याला २४ तिकिटं काढता येतात, नाहीतर १२.

दुसरं, प्रवाशांची मास्टर लिस्ट आदल्या रात्री भरा. नाव, वय, बर्थची पसंती सगळं त्यात साठवलं की सकाळी नुसतं टिक करायचं. «प्रभाकर»चं स्पेलिंग आठ वाजता आठवत बसू नये. तिसरं, पैसे. यूपीआयने भरताना एका ॲपमधून दुसऱ्यात जा, पिन टाका, परत या, यात वेळ जातो. आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये रक्कम भरून ठेवलेली असेल तर हा हेलपाटा वाचतो.

लॉग इन साडेसातला करू नका. काही हालचाल नसली की खातं आपोआप बाहेर काढतं आणि नेमकं ७:५९ ला कॅप्चा समोर येतो. ७:५५ च्या सुमारास आत शिरा, गाडी आणि वर्ग शोधून ठेवा, आठ वाजता ताजं करा. घरात दोन खाती असतील तर दोघांनी दोन वेगळ्या गाड्या धरा. एकाच गाडीवर दोघांनी तुटून पडण्यात अर्थ नाही.

«कन्फर्म असेल तरच बुक करा» हा चौकोन विचार करून टिक करा. टिक असेल आणि जागा संपली असेल तर तिकीटच निघत नाही, पैसे परतीच्या वाटेला लागतात आणि तोवर वेटिंगही लांबलेलं असतं.

५. माका मोबायलातला कायएक कळणा नाय. माजा तिकीट कोण काढतलो?

खिडकी आहे की. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूणसारख्या स्टेशनांवर आरक्षणाची खिडकी आहे, काही पोस्टांतही ही सोय असते. छापील फॉर्मवर गाडीचा नंबर, तारीख, वर्ग, जास्तीत जास्त सहा नावं आणि वयं लिहायची. गाडीचा नंबर घरून लिहूनच न्या. मोबाईल नंबर आवर्जून लिहा, नाहीतर गाडी रद्द झाल्याचा मेसेज कोणाकडे जाणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खिडकीतल्या बाबूकडे वेगळा साठा नसतो, त्याचा संगणक त्याच जागांमधून तिकीट काढतो ज्यावर मुंबईतले मोबाईल तुटून पडलेले असतात. उघडण्याच्या दिवशी रांगेत पहिला असाल तर आशा आहे. तिसरा-चौथा असाल तर बाबू मान वर करून «वेटिंग चालेल?» एवढंच विचारेल. म्हणून लोक पहाटे चहाच्या टपरीवर नंबर लावतात. एरवीच्या दिवशी मात्र खिडकीसारखं सुख नाही: समोर माणूस असतो, तारीख चुकली तर तोच टोकतो.

६. ॲपमध्ये मालवण टाकलं तर काहीच येत नाही. स्टेशन कोणतं निवडायचं?

मालवणला रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी नाहीतर रिक्षा. आणि «सिंधुदुर्ग» हे स्टेशन ओरोसला आहे, किल्ल्यापाशी नाही. पर्यटक दरवर्षी फसतात.

ज्या नावापुढे «रोड» लागतं तिथे सावध व्हा. सावंतवाडी रोड मळगावला आहे, शहरात नाही. राजापूर रोडहून राजापूर शहर बरंच लांब. देवरुखसाठी संगमेश्वर रोड, लांज्यासाठी विलवडे, गुहागरसाठी चिपळूण, दापोलीसाठी खेड, श्रीवर्धन-हरिहरेश्वरसाठी माणगाव. तुमची गाडी त्या स्टेशनवर थांबते का हे आधी बघा; वंदे भारत आणि तेजसला थांबे मोजके. रात्री दोन-तीन वाजता लहान स्टेशनवर उतरणार असाल तर रिक्षावाल्याचा नंबर मुंबईतूनच घेऊन ठेवा.

७. वेटिंग ३० आहे, होईल का कन्फर्म?

नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, कारण वेटिंगच्या याद्या वेगवेगळ्या असतात. तिकिटावर आकड्याआधी जी अक्षरं असतात ती वाचा.

जीएनडब्ल्यूएल म्हणजे सुटण्याच्या स्टेशनवरून किंवा त्याच्या आसपासहून लांबच्या प्रवासाची सर्वसाधारण यादी. ही सगळ्यात वेगाने पुढे सरकते. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे मधल्या अनेक स्टेशनांसाठी मिळून ठेवलेला छोटा कोटा, आरएलडब्ल्यूएल म्हणजे मधल्या एखाद्या ठराविक स्टेशनचा. या दोन याद्यांत त्याच कोट्यातल्या कोणी तिकीट रद्द केलं तरच तुमचा नंबर लागतो, आणि कोटाच लहान म्हटल्यावर रद्द करणारे किती असणार? टीक्यूडब्ल्यूएल तत्काळची. तिला आरएसीही (बर्थऐवजी नुसती बसायची जागा) मिळत नाही आणि चार्ट बनताना सर्वसाधारण यादीला आधी जागा जाते.

तेव्हा जीएनडब्ल्यूएल ३० वर नेहमीच्या दिवसांत मी धीर धरीन, पीक्यूडब्ल्यूएल ३० वर दुसरी सोय बघीन. गणपतीत मात्र कोणी तिकीट रद्दच करत नाही, तेव्हा तिथे हे अंदाज चालत नाहीत. ॲपवर «रिग्रेट» दिसलं तर वेटिंगचीही मर्यादा भरली असं समजा.

८. कुडाळपर्यंत वेटिंग आणि मडगावपर्यंत कन्फर्म दिसतंय. मडगावचं काढून कुडाळला उतरलं तर चालतं का?

चालतं. आधी उतरायला बंदी नाही, फक्त उरलेल्या अंतराचे पैसे परत मिळत नाहीत. तसंच चढायचं पनवेलला असलं तरी तिकीट सीएसएमटीहून काढून चढण्याचं स्टेशन बदलता येतं. तो बदल चार्ट बनण्याआधी ॲपवरून करायचा. एकदा पनवेल केलं की दादरला चढण्याचा हक्क गेला. बदल न करता नुसतेच पनवेलला उभे राहिलात, तर टीसी तोवर तुमची जागा आरएसीवाल्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो.

यात बेकायदा काही नाही. पण कोट्याची विभागणी अशी आहे की कोकणच्या माणसाला आपल्याच गावी जायला गोव्याचं भाडं भरावं लागतं आणि कुडाळपुढे तोच बर्थ रिकामा जातो. हे मला पटत नाही.

९. तत्काळ कधी उघडतं?

गाडी सुटण्याच्या स्टेशनवरच्या तारखेच्या आदल्या दिवशी: एसी वर्गांचं सकाळी १० ला, स्लीपर आणि सेकंड सीटिंगचं ११ ला. एका तिकिटावर चार माणसं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते, १५ जुलैपासून आधारचा ओटीपीही. अधिकृत एजंटांना पहिला अर्धा तास तत्काळ काढता येत नाही.

पनवेलहून १३ तारखेची म्हणून दिसणारी कोकणकन्या सीएसएमटीहून १२ लाच सुटते, म्हणून तिचं तत्काळ ११ तारखेला उघडतं. कारण प्रश्न २ मध्ये आहे. आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक रुपया परत येत नाही.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना, बंद पडलेला असेल तर ओटीपी येणार कुठे? गावाकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे फार होतं. आधार केंद्रावर नंबर बदलून घेणं हे काम मे महिन्यातच उरकावं.

१०. पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही. परत काढू का?

आधी «माझी तिकिटं» उघडून बघा. कधी कधी मेसेज येत नाही पण तिकीट निघालेलं असतं, आणि घाईने दुसरं काढलं की दोन्ही गळ्यात पडतात. तिथे नसेल तर रक्कम आपोआप खात्यात परत येते, साधारण काही दिवसांत. त्यासाठी कोणाला फोन करायची गरज नाही. «रिफंड करून देतो» म्हणून फोन आला, लिंक पाठवली किंवा ओटीपी मागितला तर तो चोर समजा आणि फोन ठेवा.

११. वेटिंग तिकीट खिडकीवरून काढलं की स्लीपरमध्ये चढता येतं, हे खरं का?

खरं नाही. पूर्वी लोक असं करत आणि टीसीही कानाडोळा करत. मे २०२५ पासून याची अंमलबजावणी कडक झाली आहे. वेटिंग तिकीट ऑनलाइनचं असो वा खिडकीचं, स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही. खिडकीच्या वेटिंग तिकिटावर जनरल डब्यात जाता येतं.

ऑनलाइन तिकिटावरची सगळी नावं चार्टनंतरही वेटिंगवर राहिली तर ते आपोआप रद्द होऊन पैसे किरकोळ कपात करून परत येतात. खिडकीचं तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधीपर्यंत रद्द करावं लागतं. फॉर्मवर मोबाईल नंबर दिला असेल तर रद्द करणं ऑनलाइनही होतं, पैसे मात्र खिडकीवरून घ्यायचे. चार्ट पूर्वी चार तास आधी बनत असे, २०२५ पासून निदान आठ तास आधी बनू लागला. सकाळच्या मांडवीचा निकाल आदल्या संध्याकाळी-रात्रीच कळतो, ही त्यातली खरी सोय.

१२. चौघांच्या तिकिटावर दोघं कन्फर्म, दोघं वेटिंग. आता?

असं तिकीट आपोआप रद्द होत नाही, चारही नावं चार्टवर येतात. बर्थ मात्र दोनच. चौघांनी दाटीवाटीने जायचं की नाही हा घरचा निर्णय. जायचं नसेल तर संपूर्ण तिकीट गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधीपर्यंत रद्द करा. अशा मिश्र तिकिटावर कन्फर्म असलेल्यांचेही पैसे फक्त किरकोळ शुल्क कापून परत मिळतात. हे पुष्कळांना माहीत नसतं. एकट्या कन्फर्म प्रवाशाचं नाव रद्द केलं तर नेहमीची मोठी कपात लागू होते.

१३. आईबाबांना खालचा बर्थ मिळेल का?

६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो एका किंवा दोघांच्याच तिकिटाला. सुनेचं आणि नातवाचं नाव त्याच तिकिटात टाकलंत की कोटा गेला. आईबाबांचं वेगळं तिकीट काढा. भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे.

१४. मला रजा नाही मिळाली. माझ्या तिकिटावर भाऊ गेला तर?

नुसता गेला तर विनातिकीट. मात्र कन्फर्म तिकीट आई, वडील, सख्खा भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर बदलून मिळतं. गाडीच्या २४ तास आधी तिकिटाची प्रत आणि नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं. हा बदल एकदाच होतो. चुलतभाऊ, मेव्हणा, शेजारी या यादीत नाहीत, वाडीत सगळे भाऊच असले तरी.

१५. वाडीतला एक मुलगा सगळ्यांची तिकिटं काढून देतो आणि प्रत्येकी शंभर घेतो. त्यात काही गैर?

काढून देण्यात नाही. स्वतःच्या खात्यावरून मित्राचं, शेजाऱ्याचं तिकीट काढायला हरकत नाही, आडनाव वेगळं असलं तरी. शंभर घेण्यात मात्र आहे. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा चांगला असेल, त्याच्या श्रमाचे पैसे त्याला मिळावेत असं मलाही वाटतं. पण खातं बंद पडलं तर त्यावर काढलेल्या सगळ्या वाडीच्या तिकिटांचा घोळ होईल.

१६. मोबाईलवर जनरल तिकीट काढलं तर कुठल्याही गाडीत चालतं का?

इथेच गोम आहे. कोकणकन्या २०२२ पासून सुपरफास्ट आहे (नंबर २०१११), तुतारी आणि मांडवी नाहीत. साध्या एक्स्प्रेसचं जनरल तिकीट घेऊन कोकणकन्येत चढलात तर सुपरफास्टचा अधिभार भरलेला नसतो. सेकंड क्लासला तो १५ रुपयेच असतो, पण दंड १५ रुपये नसतो. तिकीट काढताना गाडीचा प्रकार नीट निवडा. जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारतला जनरल डबाच नाही.

जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर आरक्षण आणि जनरल दोन्ही तिकिटं एकाच लॉग इनवर निघतात. कागदाशिवायचं जनरल तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि गाडीत बसल्यावर ते काढता येत नाही.

१७. पावसाळ्यात गाडीची वेळ वेगळी का दिसते?

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. दरडी आणि मुसळधार पावसाच्या भीतीने गाड्या सावकाश चालवतात. गणपती याच काळात येतात. केरळहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या तिकडून काही तास आधी सुटतात, तेव्हा परतीच्या प्रवासात मेमधल्या आठवणीवर स्टेशनवर जाऊ नका. वंदे भारतचे आठवड्यातले दिवसही पावसाळ्यात कमी होतात.

१८. दरड कोसळली, गाडी अडकली. पैसे मिळतात?

गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात. तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि तुम्ही जायचं रद्द केलंत, तर गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण रक्कम मिळते. गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आणि तुम्ही गेला नाहीत तरीही टीडीआर. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटी इथे दरड आली तेव्हा मार्ग सुमारे दिवसभर बंद होता; त्या गोंधळात अनेकांनी आधी तिकीट रद्द केलं आणि कपात सोसली. अशा वेळी घाईने «रद्द करा» दाबायचं नाही. आधी रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर विचारायचं, मग हात लावायचा.

१९. हे सगळं सोपं का करत नाहीत?

काही गोष्टी सोप्या होत आहेत. मिनिटाला दीड लाख तिकिटं काढणारी नवी आरक्षण यंत्रणा आणण्याचं रेल्वेने जाहीर केलं आहे. पण प्रश्न ३ मधला हिशेब परत बघा. वेगाने १०० तिकिटांची १०१ होत नाहीत. जागा वाढवायच्या तर गाड्या वाढायला हव्यात, आणि ७४० किलोमीटरच्या आसपास असलेल्या या मार्गावर रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा सोडला तर बहुतेक ठिकाणी एकच रूळ आहे. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, खारेपाटण रोड, आचिर्णेसारखी नवी क्रॉसिंग स्टेशनं झाली. तरी समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी राहतेच. ही लढाई तंत्रज्ञानाची नाही, रुळाची आहे, आणि निवेदन द्यायचं तर त्यासाठी द्यावं.

तंत्रज्ञानाने करण्यासारखं मात्र बरंच आहे आणि त्याला रूळ लागत नाही. मध्यरात्रीनंतरची गाडी निवडली की «ही शुक्रवारची रात्र उलटल्यावर सुटते» असं स्क्रीनवर ठळक लिहायला किती खर्च येतो? मालवण टाकलं की कुडाळ सुचवायला? आरक्षणाचं संकेतस्थळ इंग्रजी आणि हिंदीत चालतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या म्हाताऱ्या माणसाला ते मराठीत का मिळू नये? पीक्यूडब्ल्यूएल या अक्षरांऐवजी «ही यादी सहसा सरकत नाही» असं का लिहू नये?

माझी सगळ्यात मोठी मागणी वेगळीच आहे. सणाच्या गाड्यांसाठी पहिल्या दिवशी अंगठ्यांची शर्यत बंद करा. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ अर्ज घ्या, एका आधारवर एक अर्ज, आणि रात्री संगणकाने सोडत काढा. म्हाडाच्या घरांची सोडत लोक मान्य करतात, मग बर्थची का नाही करणार? जागा तेवढ्याच राहतील, पण नेटवर्क नसलेल्या आंबोलीतल्या माणसाला आणि अंधेरीतल्या फायबरवाल्याला सारखीच संधी मिळेल. सॉफ्टवेअरवाल्या दलालाचा वेगही निकामी होईल.

२०. गणपती स्पेशल गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं का?

नाही. त्या नंतर जाहीर होतात आणि प्रत्येकीची आरक्षणाची तारीख जाहीरनाम्यात दिलेली असते. नंबर शून्याने सुरू होतो. काहींना जादा भाडं असतं आणि वेळापत्रक नेहमीच्या गाड्यांच्या मागे ढकललं जातं, तेव्हा पोचायला उशीर धरूनच चाला. नियमित गाडीचं वेटिंग हातात असेल तरी स्पेशलचं कन्फर्म काढा, मग वेटिंग रद्द करा. उलट क्रमाने करू नका.

२१. गावाहून फोन आला, आज रात्रीच निघायला हवं. काय करू?

तत्काळची वेळ गेलेली असते. आधी ॲपवर करंट बुकिंग बघा: चार्ट बनल्यावर उरलेल्या जागा त्यात विकतात आणि आडदिवशी त्या खरोखर मिळतात. गाडी फक्त सुटण्याच्या स्टेशनपासून शोधू नका. ठाणे, पनवेलहूनही शोधा. नाही मिळालं तर कोकणकन्येचं सुपरफास्ट जनरल (प्रश्न १६) किंवा तुतारीचं साधं. जनरल डब्यात टेकायला जागा हवी असेल तर पनवेलला न थांबता गाडी सुटते तिथेच, तास-दीड तास आधी जा. सकाळपर्यंत थांबता येत असेल तर दिव्याहून सावंतवाडीची गाडी आहे. रात्रीची एसटी आणि खाजगी बसही बघा. मुंबई सेंट्रल, परळ, बोरिवलीहून कोकणच्या एसटी सुटतात आणि घाईच्या वेळी उभ्याने का होईना, कंडक्टर माणूस घेतो.